सुट्टीतली मुंबई आणि जुनी पुस्तकं



मे महिन्यात मुंबईला मुक्काम आहे?
मग एक संध्याकाळ माटुंग्याला द्या.

उन्हं कलली की निघा...
आणि पायीच फिरा.
फाइव्ह गार्डनला झाडांची छान सावली आहे.
तिथून किंग्ज सर्कलला या.

इथं फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या असतात.
अगदी तळातलंही पुस्तक मागा.
पहिल्या पानावर जुन्या मालकाचं नाव दिसेल...
फिकट निळ्या शाईतलं.
मला ते पान फार आवडतं.
शिवण पाहा.
सगळी पानं आहेत ना, तेही पाहा.
मगच भाव विचारा.

दुसऱ्या दिवशी हुतात्मा चौक.
तिथंही पुस्तकं फुटपाथवरच.
पुन्हा सांगते...
पायी फिरा, निवांत चाळा.

आणि हो,
सुटे पैसे जवळ ठेवा.
एक रिकामी कापडी पिशवीसुद्धा.