लेखाखालच्या दोन ओळी
(महासंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण)



आज बचतीची वही जरा बाजूला ठेवू. बोलायचंय आपल्या लेखांविषयी. हल्ली आपल्यातल्या बऱ्याच जणी लिहायला लागल्यात. कुणी फेसबुकवर रेसिपी टाकतं, कुणी शेतीच्या वेबसाइटला माहिती पाठवतं, कुणाचा लेख आपल्या या अंकात येतो. लिहिता छान. पण लेख संपला की खाली काय असतं? नुसतं नाव. नाहीतर घरातल्या पुरुषाचा नंबर. नाहीतर माझा! मग तुमचा माल हवा असेल तर वाचणारीनं जायचं कुठं?

'ॲग्रोवन' तुमच्यापैकी अनेकींच्या घरी येतो. २००५ पासून निघणारं हे शेतीचं दैनिक. त्यात यशकथेच्या शेवटी शेतकऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर असतो. तज्ज्ञाचा लेख असेल तर ते कुठं काम करतात, तेही खाली दिलेलं असतं. कुणाला रोपं हवी असतात, कुणाला शेत बघायचं असतं. त्या एका ओळीमुळं फोन लावता येतो. मोबाइलवरच्या लेखात तर नंबर उतरवून घ्यायचीही गरज नाही. लिंकवर बोट ठेवलं की वाचणारी थेट तुमच्या दारात.

पण आधी लेख उपयोगी पाहिजे. "आमची मिरची पावडर एक नंबर" असं पानभर लिहिलं तर कुणी शेवटपर्यंत जाणार नाही. त्यापेक्षा पावडरीतली भेसळ घरी कशी ओळखायची ते सांगा. पाण्याच्या ग्लासात वरून चिमूटभर पावडर टाका. वरचा रंग घातलेला असेल तर रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसतात. मग चमचाभर पावडर पाण्यात टाकून तळाचा गाळ बोटांनी चोळा. खरखरीत लागला तर विटेचा भुगा किंवा वाळू असण्याची शक्यता. हे वाचून बाई स्वयंपाकघरात जाऊन करून बघते. तिचा तुमच्यावर भरवसा बसतो. आणि मग ती विचारते, "ह्या लिहिणाऱ्या कोण?" त्याचं उत्तर म्हणजे खालच्या ओळी.

त्या ओळींत "उत्तम दर्जा", "स्वादिष्ट", "घरगुती चव" असले शब्द नकोत, ते सगळेच लिहितात. खरं आहे तेवढंच लिहा. समजा असं:

"आम्ही सिल्लोड तालुक्यातल्या बाराजणी. आमच्याच रानातली लाल मिरची देठं काढून, उन्हात वाळवून कांडतो. पाव किलोपासून पाठवतो. भाव विचारायला इथे दाबा."

याच्या वर गटाचं आणि गावाचं नाव. झालं. कोण, कुठल्या, काय करता, किती मिळतं आणि कसं मागवायचं, सगळं आलं.

लिंक एकच द्या. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम अशा चार लिंका दिल्या की वाचणारी गोंधळते आणि एकही दाबत नाही. आणि लेख मिरचीचा असेल तर लिंक मिरचीवरच उघडली पाहिजे. 'उमेदमार्ट'वर तुमचा माल असेल तर त्याच मालाच्या पानाची लिंक द्या. तिथं नसाल तर व्हॉट्सॲपची लिंक पुरे. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि पुढं दहा आकडी नंबर. मध्ये जागा सोडायची नाही, अधिकचं चिन्ह घालायचं नाही. छापील अंकात लिंक दाबता येत नाही, तिथं नंबर ठळक छापा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो नंबर कुणाचा असावा? ताईंनो, माझा टाकू नका. उद्या माझी बदली झाली की तुमचं गिऱ्हाईक माझ्याबरोबर गेलं. मुलगा पुण्याला कामाला गेला, की त्याच्याबरोबर गेलं. माल तुम्ही करता, उन्हात तुम्ही बसता, आणि "कोण बोलतंय?" म्हटल्यावर उत्तर दुसराच देतो. मग भावही तोच ठरवतो. असं किती दिवस चालायचं?

कुणा एकीचा घरचा नंबरही नको, रात्री-अपरात्री नको ते फोन येतात. गटाचं वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. त्यात मालाचे फोटो आणि भाव लावून ठेवता येतात, कामाची वेळही लिहिता येते. फोन कुणी सांभाळायचा याची पाळी बैठकीत ठरवा आणि ठरावात लिहा.

नंबर जगासमोर गेला की फसवणारेही येतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका. टू स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीनं 'आपली आजी' हा यूट्यूब चॅनल सुरू केला. चॅनल गाजला आणि त्याच वर्षी हॅकही झाला. परत मिळाला म्हणून बरं. नाव झालं की राखणही करावी लागते.

शेवटी, आपलं सूत्र विसरू नका: नियमित लेखे. ज्या कुणी विचारायला येतील त्यांना "आमच्याविषयी कुठं वाचलंत?" हे विचारा आणि वहीत लिहा. दोन महिन्यांनी कळेल, कुठल्या लेखानं ऑर्डर आणली आणि कुठला नुसताच वाचला गेला. मग तशाच विषयावर पुढचा लेख लिहा.

आता घरचा अभ्यास. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपल्या ओळखीच्या दोन-तीन ओळी लिहून आणायच्या. लिहिता येत नसेल त्या मावशींनी सांगायचं, लेकीनं लिहायचं. पण वाचून सगळ्यांनी दाखवायचं. आणि खाली नंबर गटाचाच हवा.