इंजिनाची खटखट आणि तिचा उपचार

चढावर मोटारीस जोर लागूं लागला, कीं कित्येकदां तिच्या इंजिनांतून पत्र्याच्या डब्यांत खडे हालवावेत तसा खटखटाट ऐकूं येतो. कारागीर त्यास 'नॉकिंग' म्हणतात. एखादा भाग सैल झाला असावा, असा ऐकणाराचा समज होतो. परंतु बहुधा तें सिलिंडरमधील ज्वलन बिघडल्याचें लक्षण असतें.

निरोगी इंजिनांत प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणांतून क्रमानें पुढें सरकते आणि दट्ट्यास सारखा रेटा देते. ज्योत पोंचण्यापूर्वींच कडेचें मिश्रण दाबानें तापून आपोआप भडकलें, म्हणजे दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. तोच हा आवाज. तो फार दिवस चालूं दिल्यास दट्ट्या झिजतो, प्रसंगीं फुटतो. शिवाय, मिश्रण अधिक दाबावें तों त्याच पेट्रोलांतून अधिक काम निघतें. पण दाब वाढविला, कीं ही खटखट आड येते.

आरंभीं अमेरिकेंत चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरीच्या ठिणगीयोजनेस लोक याचा बोल लावीत. इंग्लंडांत हॅरी रिकार्डो यांनीं दाब हवा तसा बदलतां येईल असें इंजिन बनवून निरनिराळीं इंधनें पारखलीं व दोषाचें मूळ इंधनाच्या गुणधर्मांत आहे, हें दाखविलें. केटरिंग यांचे सहकारी टॉमस मिजली यांना १९२१ च्या डिसेंबरांत उतारा सांपडला. शिशाचें एक संयुग अत्यल्प प्रमाणांत पेट्रोलमध्यें मिसळतांच खटखट थांबली. मद्यार्कानेंहि ती आवरते, हें त्याच संशोधकांना ठाऊक होतें; तरी निवड झाली ती शिशाची.

१९२४ सालीं न्यू जर्सीतील एका कारखान्यांत या संयुगाच्या विषारानें पांच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. थोड्या खंडानंतर विक्री पुन्हां सुरू झाली, आणि शिसें धुरावाटें रस्त्यांत, घरांत व मुलांच्या रक्तांत उतरत राहिलें. मुलांच्या मेंदूच्या वाढीस तें घातक आहे. भारतांत असें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. अल्जीरियांत मोटारींसाठीं तें २०२१ पर्यंत विकलें जात होतें.

आतां इंजिनाच्या अंगावर बसविलेला एक स्फटिक ही थरथर टिपतो. त्याचा विद्युत्-संकेत मिळतांच संगणक ठिणगी किंचित् उशिरा पाडतो आणि खटखट कानीं पडण्यापूर्वींच शमते. परंतु उशिराच्या ठिणगीनें शक्ति घटते व पेट्रोल अधिक जळतें. म्हणून शांत चालणारी मोटार चढावर मंद वाटूं लागली, तर हलक्या ऑक्टेनचें पेट्रोल, सिलिंडरमध्यें सांचलेली काजळी अथवा चुकीचा प्लग, यांपैकीं काय आहे तें पाहावें. लक्षण दबलें म्हणजे रोग गेला, असें नव्हे. आणि औषध देणारानें तें कोणाच्या पोटांत जाणार, हेंहि आधीं विचारलें पाहिजे.