पारध, राखण आणि तार
(कळंबोली येथे वन्यजीव सप्ताहात पालक व ग्रामस्थ यांच्यापुढे झालेले भाषण)



दरसाल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळांतून वन्यजीव सप्ताह साजरा होतो. मुले वाघाची चित्रे काढतात, घोषणा देतात, खाऊ घेतात आणि घरी जातात. घरी बाप विचारतो, "वाघाचं चित्र काढलंस ते बरं केलंस, पण डुकरांनी भात लोळवलं त्याचं काय?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या चित्रकलेच्या वहीत नाही. म्हणून आज आम्ही मुलांपुढे नव्हे, तर त्यांच्या आईबापांपुढे बोलावयास उभे आहोत.

कोणी म्हणेल, मास्तर, कळंबोलीत आता शेते राहिली कोठे? खरे आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे खाचरे गेली आणि लोखंडाचा बाजार उभा राहिला. परंतु आपण ज्या गावी लेकी दिल्या आणि जेथून सुना आणल्या, ती कर्नाळ्याच्या बाजूची डोंगरकडेची गावे अजून नांगर धरून आहेत. शिवाय रानात फासे लावावयास मोटारसायकलच्या ब्रेकची जी तार जाते, ती आपल्याच पोरांच्या गॅरेजातून जाते. तेव्हा हा प्रश्न आपला नाही, असे म्हणण्याची सोय आपणांस नाही.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. गेल्या साली भात पिकावर आले असता आमच्या मामांच्या शेतात डुकरांचा कळप तीन रात्री लागोपाठ आला. मामांची साठी उलटलेली. पोरे नोकरीला. एकट्याने माळ्यावर जागून डबा वाजवून वाजवून म्हातारा थकला. चौथ्या रात्री त्यांनी विजेच्या खांबावर आकडा टाकून बांधाच्या कडेने उघडी तार ओढली. पहाटे पाहतात तो तारेपाशी डुक्कर नव्हते. दावे तोडून सुटलेला त्यांचा स्वतःचा बैल मरून पडला होता. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा मामा एवढेच म्हणाले, "डुकरासाठी लावली होती रे बाबा." फिर्याद कोणावर करावी? तार त्यांची, बैलही त्यांचा. आणि त्याच बांधावरून मामी रोज पहाटे पाण्यास जाते, हे मनात आले की आजही आमच्या अंगावर काटा उभा राहतो.

त्या दिवसापासून आम्ही ह्या प्रश्नाचा विचार करीत आहोत. पारध करणे पाप की पुण्य? आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. पोटासाठी किंवा पिकासाठी, डोळे उघडे ठेवून, नियमाने व मोजून केलेल्या पारधीस आम्ही पाप म्हणत नाही. हौसेसाठी किंवा बाजारासाठी केलेली पारध, आणि काय मरेल ते न पाहता लावलेली तार, ही मात्र दोन्ही पापे होत. पारध्याला डोळे असतात. मादी गाभण आहे काय, पिल्लू लहान आहे काय, हे तो पाहतो आणि हात आवरतो. तारेला डोळे नसतात. तिला डुक्कर, बैल, बिबट्या आणि आमची मामी सारखीच.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा ह्या शास्त्रज्ञांनी फासेपारधी समाजाचा अभ्यास केला. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची त्या समाजाची रीत होती, असे त्यांनी नोंदविले आहे. ज्या जमातीला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या पद्धतीने जन्मजात गुन्हेगार ठरविले, तिच्याजवळ ही रीत होती. आता जे सुधारलेले म्हणविले जात, त्यांची रीत काय होती ती पाहू.

सरगुजाच्या महाराजांनी आयुष्यात हजारावर वाघ मारले. कोरियाच्या राजाने १९४७ साली एका रात्री तीन चित्ते टिपले. त्यानंतर देशात चित्त्याची खात्रीची नोंद क्वचितच झाली आणि १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढे २०२२ साली नामिबियातून विमानाने चित्ते आणून कुनोच्या रानात सोडावे लागले. ज्यांच्या हौसेने चित्ता गेला त्यांच्या खिशातून नव्हे, तर तुमच्याआमच्या करातून हा खर्च झाला. इंग्रज सरकारने तर वाघ, बिबटे, लांडगे, कोळसुंदे यांस मारणाऱ्यास रोख इनाम ठेविले होते. डुकराला खाणारी तोंडे अशी इनाम देऊन बंद केली. आता डुक्कर माजले म्हणून शेतकऱ्याने कपाळ बडवावे!

येथे आपल्या घरची गोष्टही झाकून ठेवणे बरे नव्हे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती शिकारीचे मोठे शोकीन होते. चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करण्यासाठी कोल्हापूर दरबार प्रसिद्ध होता, आणि पुढे त्या दरबाराने आफ्रिकेतूनही चित्ते आणविले. महाराजांविषयी आमच्या मनात अपार आदर आहे, पण आदर म्हणजे डोळे मिटणे नव्हे. एवढे मात्र खरे की, ज्या फासेपारध्यांस सारे जग चोर म्हणून हाकलीत होते, त्यांस महाराजांनी विश्वासाने चाकरीस ठेविले. आणि दरबाराने शिकारीसाठी राखलेले दाजीपूरचे रान तुटण्यापासून वाचले. १९५८ साली तेथे गव्यांचे अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले ते पहिले अभयारण्य.

ह्यावरून काही विद्वान म्हणतात की, शिकारीनेच जंगल वाचते. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठी लावून दिला. नामिबियात १९९६ पासून गावकऱ्यांच्या संस्थांस प्राण्यांवर काही हक्क मिळाले. परदेशी शिकाऱ्याकडून येणारा पैसा गावात पडू लागला, तेव्हा गावही प्राणी राखू लागले. परंतु त्याच अमेरिकेत प्रवासी कबुतरांचे थवे एके काळी आकाश झाकून टाकीत. बाजारासाठी त्यांची बेसुमार कत्तल झाली आणि १९१४ साली शेवटचे कबूतर पिंजऱ्यात मेले. म्हणजे बंदूक तीच. हिशेब ठेवला तर राखण होते, बाजार मांडला तर निर्वंश होतो.

आपल्या देशाने हिशेब ठेवला नाही. १९१२ च्या कायद्याने शिकारीचा बंद हंगाम आला, १९५१ साली मुंबई राज्याचा कायदा झाला, पण बंदूकवाल्यांचे हात थांबले नाहीत. १९७२ साली वाघांची मोजदाद केली तेव्हा देशात अठराशेच्या आसपास वाघ भरले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीवर कडक निर्बंध आले. हा कायदा आम्ही चांगलाच मानतो. तो नसता तर आज आमच्या मुलांनी वाघाचे चित्र काढावयास नमुनाही उरला नसता. २०२२ च्या गणनेत देशात सुमारे ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज निघाला, तो ह्या कायद्याच्याच जोरावर.

पण बंधूंनो, ह्या कायद्याचे बिल कोणाच्या दारी आले? राजेसाहेबांनी मुंडकी भिंतीला लावून घेतली आणि ते सुखाने राहिले. फासेपारध्याचे पोट मात्र एका रात्रीत गुन्हा झाले. आपल्याच तालुक्यातील कातकरी रानात ससा धरी आणि शेताच्या बांधावरचे उंदीर खणून काढी. उंदीर खाणारा म्हणून आपण त्याला हिणविले, पण तो आपले भातच राखीत होता, हे आपल्या ध्यानात आले नाही.

रान आणि रयत यांचा हा तंटा जुना आहे. जंगलखात्याच्या जाचाने शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी मरतात, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये लिहून ठेविले. २५ सप्टेंबर १९३० रोजी येथून जवळच चिरनेरास जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आपली माणसे पडली. तेव्हा रान राखावयाचे तर कडेच्या माणसास चोर ठरवून ते राखता येत नाही, हा धडा आपल्या मातीत रक्ताने लिहिलेला आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या उपदेशकांकडे वळू. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहून, वाण्याकडून तांदूळ आणून, शेतकऱ्यास अहिंसा शिकविणारे पुष्कळ आहेत. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली 'अवनी' वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारली, तेव्हा देशभर गदारोळ झाला. ती ज्या रीतीने मारली त्याविषयी शंका घेण्यास जागा होती, आणि त्या शंका विचारल्याच पाहिजेत. परंतु त्या तेरा जणांपैकी एकाचे तरी नाव त्या गदारोळात कोणी घेतले काय? प्राण्यावर दया करावी हे खरेच. पण दयेचा खर्च दुसऱ्याच्या पदरातून करावयाचा, ही दया नव्हे. रान सर्वांचे असेल तर राखणीचा खर्चही सर्वांनी सोसावा.

आणि बंदुकीवाचून होणाऱ्या शिकारीबद्दल हे उपदेशक गप्प का? २०१७ साली तळोज्याजवळ कासाडी नदीच्या काठची कुत्री कारखान्याच्या रंगाने निळी झाली, ते सगळ्या जगाने पाहिले. कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ साली झाले, पण त्यातून महामार्ग जातो. कांदळवन बुजले की कोल्ह्याचे घर गेले. ह्या शिकारीस ना परवाना लागतो, ना हंगाम.

मग शेतकऱ्याने करावे काय? कायद्यात वाट अगदीच नाही असे नाही. जीव वाचविण्यासाठी शुद्ध हेतूने प्राणी मारावा लागला तर तो गुन्हा होत नाही. उभ्या पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारण्याची परवानगी वनाधिकारी देऊ शकतो. २०१५ साली आपल्या राज्य सरकारने डुक्कर व रोही यांसाठी अशा परवान्याची रीतही ठरवून दिली. परंतु परवान्याच्या कागदाने डुक्कर मरत नाही. बंदूक ज्याच्याजवळ नाही त्याने तो कागद बुजगावण्याच्या गळ्यात बांधावा काय? म्हणून आमचे मागणे असे की, परवाना एकट्यादुकट्याला न देता ग्रामसभेच्या मागणीवर द्यावा, मारणारा माणूस सरकारने नेमावा, किती मारले त्याचा हिशेब चावडीवर लावावा, आणि ह्या कामी रान ओळखणाऱ्या कातकरी व पारधी बांधवांस पगारी नोकरी द्यावी. ज्यांचे डोळे रान वाचतात, त्यांना गुन्हेगार ठरविण्यापेक्षा राखणदार करणे शहाणपणाचे.

आणि आपण आपल्या हातून काय करावयाचे, तेही ऐका.

पहिले, आकड्याची तार आजपासून बंद. घरच्या विजेचा प्रवाह सतत वाहतो, त्याने स्नायू आखडतात आणि चिकटलेला जीव सुटत नाही. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. एकट्यास ते परवडत नसेल तर चार बांध मिळून करावे.

दुसरे, गॅरेजवाल्या पोरांनो, फाशासाठी तार मागणारास तार देऊ नका. त्या फाशात बिबट्या अडकला की तो दिवसचे दिवस तडफडतो, आणि त्याला सोडवावयास जाणाराच्या जिवावर बेतते.

तिसरे, नुकसान झाले की त्याच दिवशी अर्ज करा आणि पंचनामा मागा. भरपाई थोडी मिळते, उशिरा मिळते, हे आम्ही जाणतो. परंतु अर्जच गेला नाही तर सरकारी दप्तरी तुमचे भात कोणी खाल्लेलेच नसते. अर्ज लिहिता येत नसेल तर संध्याकाळी शाळेत या. आम्ही लिहून देऊ, एक पैसा नको.

चौथे, राखण वाटून घ्या. आमचा आजा सांगे की पूर्वी वाडीची राखण पाळीने होई. आज जो तो आपल्या माळ्यावर एकटा आहे, म्हणूनच तारेची बुद्धी होते. मामांच्या सोबतीस त्या चौथ्या रात्री आम्ही दोघेतिघे भाचे गेलो असतो, तर तो बैल आज दावणीला असता. हा दोष आम्ही आमच्याही पदरी घेतो.

शेवटी मुलांसाठी एक गोष्ट. मुंबईत एका लहान मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून त्याला नवल वाटले. ती कोणती म्हणून विचारावयास तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तेथे त्याला कोणी रागे भरले नाही. कपाटे उघडून पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे पक्ष्यांचे मोठे अभ्यासक सालिम अली. आपल्या ह्याच जिल्ह्यात किहीम येथे त्यांनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. ज्या हातात बंदूक होती त्या हातात दुर्बीण आली, कारण कोणीतरी त्या पोराच्या प्रश्नाला उत्तर दिले. आमच्या शाळेतील पोरगा गलोल घेऊन आला तर आम्हीही त्याला मारणार नाही. आधी त्याने काय पाहिले ते विचारू.

मामांनी यंदा तार गुंडाळून माळ्याखाली टाकली आहे. भात लोंबीवर आले आहे. येत्या शनिवारी रात्री आम्ही राखणीस जाणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी आमच्याबरोबर यावे. डबे आणि बॅटऱ्या ज्याच्या त्याने आणाव्यात, चहा मामीकडे आहे.