चिंतेच्या काळी उपकारस्तुती
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामास ५० वर्षे पूर्ण झाली, अशा आनंदाच्या प्रसंगी मी चिंतेविषयी बोलावयास उभा राहिलो आहे, हे काहींस विपरीत वाटेल. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मघाशी मला तसे हळूच सुचविलेही. परंतु ज्युबिलीचा मूळ नियम जेथे सांगितला आहे, तो जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा २५वा अध्याय आपण उघडून पाहावा. रणशिंग फुंकून ५०वे वर्ष पवित्र करावे, दास्यात असलेल्यांस मोकळे करावे, विकलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी. येथवर सर्व गोड आहे. पण त्या वर्षी पेरणी करू नये, असेही तेथे म्हटले आहे. कोणत्या शेतकऱ्याच्या पोटात हे ऐकून गोळा उठणार नाही? त्याच अध्यायात, सातव्या वर्षाच्या विसाव्याविषयी, लोकांच्या तोंडचा प्रश्नही नमूद केलेला आहे: पेरले नाही तर खावे काय? या प्रश्नाबद्दल देव त्यांस रागे भरल्याचे दिसत नाही. तो त्यांस सहाव्या वर्षाच्या भरघोस पिकाचे अभिवचन देतो. तेव्हा ज्युबिली आणि चिंता यांची ओळख जुनीच आहे.

आपल्या वसईतील चिंता मी मोजीत बसणार नाही. विहिरींचे पाणी मचूळ झाले, केळीच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, मुले परदेशी गेली. हे आपण रोजच बोलतो. मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, प्रार्थनेत उपकारस्तुतीची जागा कोठे आहे, याविषयी आपली, निदान माझी तरी, फार काळ चुकीची समजूत होती.

आपली रीत अशी की, आधी मागावे, मिळाल्यावर आभार मानावे. नवस बोलावा, मूल बरे झाले म्हणजे मेणबत्ती लावावी. यात भक्ती नाही असे मी म्हणत नाही. पण यात थोडा व्यवहार शिरतो, आणि मागणे फळास आले नाही म्हणजे आपण देवापासून तोंड फिरवितो.

आता प्रेषित पौलाचे पाहा. फिलिप्पै येथील ख्रिस्ती मंडळीस त्याने जे पत्र लिहिले, त्याच्या चौथ्या अध्यायात तो सांगतो की, कशाचीही चिंता न करिता आपली मागणी उपकारस्तुतीसह देवापुढे ठेवावी. उपकारस्तुतीसह, म्हणजे मागतानाच, मिळण्याच्या आधी. हे लिहिणारा मनुष्य बंदिवासात होता. आपण सुटू की मरू, हे त्यास ठाऊक नव्हते. आणि त्यास काळजी शिवत नव्हती असेही नव्हे. फिलिप्पैकरांनी त्याच्याकरिता मदत देऊन पाठविलेला एपफ्रदीत मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला होता. तो गेला असता तर माझ्या दुःखावर दुःख चढले असते, अशा अर्थाची कबुली पौल त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देतो. चिंता करू नका असे सांगणाऱ्याचे स्वतःचे काळीज असे आपणां-आमच्यासारखेच हलत होते, हे वाचून मला मोठा धीर आला.

याच फिलिप्पै नगरात पूर्वी पौल व सीला यांस फटके मारून, पाय खोड्यात अडकवून, तुरुंगात टाकण्यात आले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या १६व्या अध्यायात ही हकीकत आहे. मध्यरात्री ते प्रार्थना करीत स्तोत्रे गात होते. भूकंप होऊन दारे उघडली ती नंतर. गाणे आधी, सुटका मागाहून.

आणि प्रभू येशूने काय केले? ज्या रात्री तो धरून दिला गेला, त्या रात्री त्याने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले. क्रूस अद्याप पुढे होता. युखारिस्त या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. आपण दर रविवारी मिस्साबलिदानास येतो, ते त्या रात्रीच्या आभारांत सामील होण्यास येतो.

हे सर्व मी पुस्तकांतून वाचले होते. पण ते मला कळले ते एप्रिल २०२१ मध्ये. करोनाच्या साथीने मंदिरांची दारे दुसऱ्यांदा बंद झाली होती. माझा धाकटा बंधू इस्पितळात प्राणवायूच्या नळीवर होता. भेटीस कोणास मज्जाव. घरी मातोश्री रोज सायंकाळी आल्तारापुढे जपमाळ घेऊन बसे, आणि पहिल्या ‘नमो मारिया’च्या आधी देवाचे आभार मानी. विहिरीला पाणी आहे म्हणून. लहानपणी तो गोवरातून वाचला म्हणून. कोणा परिचारिकेने दूरध्वनीवर त्याचा आवाज ऐकविला म्हणून. चौथ्या की पाचव्या दिवशी माझा तोल सुटला. मी म्हणालो, “आई, आभार कसले मानतेस? आधी त्याला घरी तर येऊ दे!”

ती म्हणाली, “येईल तेव्हाचे तेव्हा मानू. आज कुणीतरी त्याला पाणी पाजलं असेल. त्याचे आज नको मानायला?”

तो घरी आला नाही. अकराव्या दिवशी गेला. मोजक्या माणसांनी त्यास माती दिली. त्या रात्री मातोश्री आल्तारापुढे बसली, ती बराच वेळ काही बोलेना. मग तिने त्याच्या ४४ वर्षांबद्दल देवाचे आभार मानले, आणि ती रडू लागली. मला मात्र त्या रात्री ‘आमेन’ म्हणवले नाही. ते म्हणावयास मला कित्येक महिने लागले.

तिने रोगाबद्दल आभार मानले नाहीत, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या घरी दुःख असता ‘देवाचे आभार माना’ असा उपदेश करीत फिरणाऱ्यांची मला भीतीच वाटते. फिलिप्पैकरांनी पौलास उपदेश पाठविला नव्हता. माणूस आणि मदत पाठविली होती. शेजारच्या अंगणातील चूल पेटली आहे की नाही ते आधी पाहावे.

देवाची शांती तुमच्या अंतःकरणांचे रक्षण करील, असे पौल म्हणतो, तेव्हा तो जो ग्रीक शब्द योजितो तो सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, निवृत्त सैनिक तेथे वसविलेले होते. त्यांस तो चटकन समजला असेल. पहारा असतो तेथे शत्रूही वेशीबाहेर असतोच. मातोश्रीची शांती मला तशी दिसली. दुःख तिच्या दाराशी बसून होते, आणि दाराच्या आत ती आपले भात शिजवीत होती, जप करीत होती, नातवंडांस रागावत होती.

संत इग्नाती लोयोला यांनी विवेकपरीक्षणाची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी पापांची आठवण ही नसून मिळालेल्या देणग्यांबद्दल आभार, ही आहे. अलीकडे मी रात्री तेवढी पायरी चढतो. पुढच्या पायऱ्यांवर पुष्कळदा झोप लागते. मोठे आभार सुचत नाहीत. आज पाय दुखला नाही, कोणी तरी ताजे बोंबील आणून दिले, एवढेच. पण मग जे मागावयाचे ते मागताना आवाज चढत नाही, एवढा फरक मला जाणवला आहे.

मातोश्री आज येथे पहिल्या रांगेत बसली आहे. तिचे नाव घेतल्याबद्दल घरी गेल्यावर ती मला बोलेल. आंजेलसची वेळ होत आली आहे. घंटा वाजण्यापूर्वी मी आपली रजा घेतो.