सार्जंट-मेजर आणि पदवी



अमेरिकन लष्करात साधा शिपाई चढत चढत सार्जंट-मेजर होतो. त्याला कॉलेजची पदवी सक्तीची असावी काय? आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून शिकलो. म्हणून विद्येला आम्ही कमी लेखणार नाही. पण आधी अट आणि मागाहून सवड, हा न्याय नव्हे. टेक्ससमधील फोर्ट ब्लिस येथे १९७२ साली या हुद्द्यासाठी अकादमी निघाली. २०१९ पासून पात्र विद्यार्थ्यांना तेथेच पदवीही मिळू लागली. हा मार्ग योग्य. नोकरीत शिकवा, मगच कागद मागा; नाहीतर संकटात पोरांना सांभाळणारा अनुभवी माणूस दाराबाहेरच राहील.