थकवा आणि श्रम



गुलमंडी असो वा पैठण गेट, कापड दुकानातील दिवस दीर्घ असतो. सकाळी गादीवर बसलेला व्यापारी रात्री उठतो, तेव्हा त्याचे अंग आंबून गेलेले असते. ‘दिवसभर राबल्यावर व्यायाम कशाला?’ हा त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे; परंतु गाठी हमाल उचलतो, तागे नोकर काढतो. शेठजींची मान, डोळे व मन तेवढे थकते. हा थकवा म्हणजे श्रम नव्हे.

बसून राहणाऱ्याची भूकही आपोआप कमी होते, हा दुसरा समज. पश्चिम बंगालमधील ज्यूट गिरणीच्या परिसरातील लोकांचा ज्याँ मेयर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठे काम करणारे दुकानदार कष्टकऱ्यांपेक्षा कमी जेवत नव्हते. वजन मात्र त्यांचे अधिक भरले.

व्यायाम सलग व घाम गळेपर्यंतच हवा, असेही मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखी हालचाल सुचविली आणि ती एका वेळी किमान दहा मिनिटे असावी, ही जुनी अट वगळली. जिना चढणे, मंदिरात पायी जाणे, हेही हिशेबात धरले जाते. पासष्टीनंतर तर स्नायूंची ताकद व तोल राखणारे व्यायाम अधिकच आवश्यक ठरतात.

गुडघा दुखताच अनेकजण चालणेच सोडतात. त्यामुळे मांडीचे स्नायू दुर्बळ होतात आणि गुडघ्याचा आधार कमी होतो. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य तो व्यायाम चालू ठेवणेच हितावह असते. चालताना छातीत दुखल्यास मात्र त्वरित थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

कचनेरची पदयात्रा श्रद्धेने करणारे अनेक आहेत. तथापि एका दिवसाची चाल वर्षभराची बैठक भरून काढीत नाही. साधु-साध्वी आयुष्यभर पायी विहार करतात आणि त्यांच्या दर्शनास शेजारच्या गल्लीतून श्रावक स्कूटरवर येतो, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

विश्रांती त्याज्य नाही. रात्रीची पुरेशी झोप शरीराचा हक्कच आहे. मात्र जमेस श्रम नसता विश्रांतीच खर्ची पडत गेली, तर आरोग्याची वही तुटीतच बंद होते. दुकानाचा हिशेब रोज लिहिणाऱ्याने हाही हिशेब रोज पाहावा, एवढीच नम्र विनंती.