सायकल आणि माझं वजन



शाळेत असताना गावाहून रोज सहा किलोमीटर सायकल मारत यायचो, तेव्हा वजनाचा विषयच नव्हता. आज ९२ किलो आहे, साखरही वाढलीय. म्हणून धाराशिवात ऑफिसला सायकलनं जायचं म्हणतोय. जाऊन-येऊन दहा किलोमीटर.

हिशेब मांडला आणि तोंड उतरलं. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. दहा किलोमीटरला जळतात अडीचशेच्या आसपास. म्हणजे किलोला महिना! त्यात कुंथलगिरीचे चार पेढे खाल्ले, की दिवसाची कमाई गेली. बायको म्हणते, “अहो, आधी पेढे सोडा.” तिचंच खरं आहे.

तरी सोमवारपासून निघतोय, उन्हाळा लागायच्या आत. मागच्या बाकावरचे कुणी येताय का सोबत?